‘अधिकार’ आणि ‘आनंद’ : ख्रिस्ती श्रद्धेतील आध्यात्मिक अधिकाराची संकल्पना (विशेष संदर्भ : पंडिता रमाबाई)

बीजशब्द : अधिकार, एक्सूसिया, आनंद, पंडिता रमाबाई, मुक्ती, नारायण वामन टिळक, वऱ्हाड

प्रास्ताविक

पदवी वर्गास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना बुलडाण्याजवळील देऊळघाट परिसरातून येणाऱ्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने तास संपल्यावर प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. तिची आई शेतमजुरी करते. संध्याकाळी शेजारपाजारच्या आजारी, त्रासलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. ‘बाईमाणसाला तसा अधिकार नाही,’ असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थिनीचा प्रश्न सरळ होता : ‘सर, हा अधिकार देतं कोण? आणि तो मिळाला, हे कळतं कसं?’

त्या दिवशी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तो प्रश्न अभ्यासाचा विषय म्हणून हाती घेतल्यावर असे आढळले, की मराठी ख्रिस्ती परंपरेत त्याची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न सव्वाशे वर्षांपेक्षा अधिक काळ चालू आहे आणि त्यातील सर्वांत धीट उत्तर एका स्त्रीनेच दिलेले आहे. सदर लेखात प्रथम ‘अधिकार’ या शब्दाचा मराठीतील आणि नव्या करारातील अर्थ पाहून त्यानंतर पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या आधारे या संकल्पनेचे विवेचन केले आहे. लेखकाची भूमिका साहित्याच्या अभ्यासकाची आहे, धर्मोपदेशकाची नव्हे.

‘अधिकार’ शब्दाची आपल्याकडील पूर्वपीठिका

मराठी बायबलमध्ये ‘अधिकार’ हा शब्द आला, तो कोरा आला नाही. आज कार्यालयीन मराठीत आपण तो सत्ता किंवा हक्क या अर्थाने वापरतो. परंतु शास्त्रीय परंपरेत त्याचा मुख्य अर्थ ‘पात्रता’ हा आहे. मीमांसेत कोणत्या यज्ञकर्मास कोण पात्र, याची चर्चा ‘अधिकार’ या संज्ञेखाली होते. वेदान्तातील अनुबंधचतुष्टयात विषय, प्रयोजन व संबंध यांच्या जोडीला ‘अधिकारी’ हा चौथा घटक आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील ‘अपशूद्राधिकरण’ हे तर पात्रता नाकारण्याचेच प्रकरण होय. म्हणजे आपल्या परंपरेत अधिकार हा आधी जन्माने, संस्काराने व साधनेने सिद्ध व्हावा लागतो, मगच कृती घडते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाने हा शब्द कर्माशी जोडून फळापासून सोडविला, ही या शब्दाच्या इतिहासातील मोठीच घटना आहे.

संतांनी या पात्रतेच्या कुंपणाला वारंवार धक्का दिला. ब्राह्मण घराण्यातील बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, तेव्हा ‘अधिकारी पुरुष’ कोण, हा प्रश्न वर्णाच्या चौकटीबाहेर गेला. आजही आपण एखाद्या साधुपुरुषाविषयी ‘त्यांचा अधिकार मोठा होता’ असे म्हणतो, तेव्हा त्यांच्या हाती कोणती सत्ता होती, असे आपल्या मनात नसते. बोलण्यामागे अनुभवाचे वजन होते, एवढेच आपल्याला सुचवायचे असते. मराठी ख्रिस्ती मनाला हा शब्द या सर्व छटांसह मिळालेला आहे. विद्यार्थिनीच्या आईला अधिकार नाकारणारे वडीलधारे ख्रिस्ती असले, तरी त्यांच्या वाक्यातील ‘अधिकार’ हा मीमांसकांचाच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नव्या करारातील ‘एक्सूसिया’

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात सामर्थ्यासाठी ‘दुनामिस’ आणि अधिकारासाठी ‘एक्सूसिया’ असे दोन भिन्न शब्द आढळतात. पहिला बळ दर्शवितो. दुसरा ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ ‘मोकळीक असणे’, ‘परवानगी असणे’ असा आहे. चौकात हात उंचावून भरधाव मोटार थांबविणाऱ्या वाहतूक पोलिसाचे उदाहरण या ठिकाणी नेहमी दिले जाते आणि ते उपयुक्त आहे. मोटार अडविण्याइतके बळ त्याच्या अंगी नसते. त्याच्यामागे उभ्या असलेल्या शासनाची परवानगी त्याच्याकडे असते. यावरून दोन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. एक, हा अधिकार मिळविलेला नसून दिलेला असतो. दुसरी, तो देणाऱ्याच्या हेतूबाहेर वापरता येत नाही.

या शब्दाचा आणि आनंदाचा संबंध सर्वांत स्पष्टपणे लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येतो. येशूने बारा प्रेषितांखेरीज आणखी सत्तर जणांना (काही हस्तलिखितांत ही संख्या बहात्तर आहे) दोघादोघांच्या जोड्या करून गावोगावी पाठविले. ते परतले ते आनंदाने. तुमच्या नावाने भुतेसुद्धा आम्हाला वश होतात, याचे त्यांना अप्रूप वाटत होते. येशूने त्यांचा उत्साह मोडला नाही. साप आणि विंचू तुडविण्याचा अधिकार आपणच दिला आहे, हे त्याने सांगितले. मात्र लगोलग आनंदाचे कारण बदलून टाकले : आत्मे वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. पुढच्याच वचनात तो स्वतः पवित्र आत्म्यात उल्हासित झाल्याचे लूक सांगतो, आणि त्या उल्हासाचे कारण ज्ञानी व बुद्धिमान लोकांपासून लपविलेली गोष्ट बालकांना प्रकट झाली, हे आहे. या क्रमाकडे लक्ष द्यावे. अधिकाराच्या परिणामात आनंद शोधला, की परिणाम न दिसताच तो संपतो, आणि मग परिणाम दाखविण्यासाठी देखावा करावा लागतो. नाते हा आनंदाचा पाया असेल, तर प्रार्थना करूनही रोगी बरा झाला नाही अशा दिवशीसुद्धा तो टिकतो.

प्रेषित पौलाने हाच धागा मंडळीच्या व्यवहारात आणला. करिंथ येथील मंडळीशी त्याचा कडाक्याचा वाद चालू होता आणि त्याच्या प्रेषितपणावरच शंका घेतली जात होती. अशा वेळी लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, की आम्ही तुमच्या विश्वासावर धनीपण करीत नाही, तुमच्या आनंदात आम्ही सहकारी आहोत. त्याच पत्रात पुढे दोन वेळा (१०:८ व १३:१०) तो स्पष्ट करतो, की आपल्याला मिळालेला अधिकार उभारणीसाठी आहे, पाडण्यासाठी नाही. ग्रीक भाषेत आनंदाचा ‘खारा’ हा शब्द आणि कृपेचा ‘खारिस’ हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, हेही येथे विसरता येत नाही. जे फुकट मिळाले त्याचाच हा आनंद आहे.

याउलट बाजूही नवा करार लपवीत नाही. राष्ट्रांचे अधिपती लोकांवर अधिकार गाजवितात, तुमच्यात तसे असू नये, असे येशू सांगतो. तेथे मार्क व मत्तय यांनी ‘एक्सूसिया’ याच शब्दाला ‘वरून दाबणे’ असा भाव देणारा उपसर्ग लावला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगार पैसे पुढे करून ‘हा अधिकार मलाही द्या’ असे म्हणतो आणि पेत्राचे कठोर बोल ऐकतो. विकत घेता येणारी व विकता येणारी वस्तू म्हणून अधिकाराकडे पाहण्याची ही पहिली नोंद होय. ती शेवटची ठरली नाही.

रमाबाई : पात्रतेच्या प्रश्नाकडून

ही सर्व चर्चा ग्रंथगतच राहिली असती. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ती जगून दाखविली. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली होती. तरीही स्त्रियांना वेदाध्ययन वर्ज्य आहे, ही मर्यादा त्यांनी पाळली होती. रमाबाई आईकडून पुराणे शिकल्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच काळात केशवचंद्र सेन यांनी एका वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवून ‘हा वाचला आहे काय’ असे विचारले, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही, असेच उत्तर त्यांनी दिले. हा प्रसंग त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत सांगितला आहे. विद्वत्तेचे शिखर गाठलेल्या स्त्रीने स्वतःविषयी असे म्हणावे, यातच त्या काळातील ‘अधिकार’ या शब्दाची सगळी ताकद दिसते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी आपली लहान मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. येथून कथा सुखान्त होते, अशी समजूत अनेक जुन्या चरित्रांनी करून दिली आहे. ती चुकीची आहे. खरा झगडा येथून सुरू झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि अँग्लिकन बिशप यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. अधिकार या विषयावरील मराठी स्त्रीने लिहिलेला इतका तेजस्वी दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल, आणि तो इंग्रजीत असल्याने आपल्या वर्गांत फारसा पोहोचलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वादाची निमित्ते छोटी होती. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा एक मुद्दा होता. त्यांनी तसे केल्यास भारतात त्यांचे वजन कमी होईल, असे बिशपांचे मत पडले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा दुसरा मुद्दा होता. त्रैक्याचा सिद्धान्त व अथनेशियसचा विश्वासांगीकार शंका न घेता मान्य करावा काय, हा तिसरा आणि सर्वांत मोठा. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते, की भारतातील पुरोहितांचे जू आपण मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, त्याच्या जागी दुसरे जू चढवून घेण्याची आपली तयारी नाही. आपल्याला विवेक दिलेला आहे आणि शास्त्र आपण स्वतः वाचू शकतो. ज्या स्त्रीने काही वर्षांपूर्वी वेद वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही असे म्हटले होते, तिचे हे उत्तर आहे. ती बंडखोर झाली होती, असे सिस्टर जेराल्डिन यांना वाटले. प्रस्तुत लेखकास मात्र येथे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील बारावे वचन आठवते. तेथे देवाची मुले होण्याचा ‘एक्सूसिया’ विश्वास ठेवणाऱ्यास थेट मिळतो, मध्यस्थाच्या सहीने नव्हे.

या टप्प्यावर रमाबाईंजवळ स्वातंत्र्य होते, आनंद मात्र नव्हता. हे त्यांनीच सांगितले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांचे निवेदन आहे. १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, तो अनुभव त्यांना आला. त्यापूर्वी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले होते व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले होते. सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे वचन रमाबाईंनी दिले होते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते, तर वाद टळला असता, असे सुधारकांचे म्हणणे होते. ते वावगेही नव्हते, कारण विश्वासाने सोपविलेल्या विधवा मुलींचा प्रश्न होता. रमाबाईंच्या दृष्टीने स्वतःच्या घरात मोकळेपणाने प्रार्थना करण्याचा हक्क मुलींना आहे, तसा आपल्यालाही आहे. दोन्ही बाजूंना तत्त्व होते, आणि अभ्यासकाने येथे घाईने निकाल देऊ नये.

मुक्ती, १९०५

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींची भर पडून तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती, अंध मुलींचे शिक्षण, असे सगळे तेथे चाले. ज्या मुलींना गावाने टाकले, घराने टाकले, त्या या मुली होत्या. ‘अधिकार’ या शब्दाशी त्यांचा संबंध आला असेल, तर तो दुसऱ्याने आपल्यावर गाजविण्याचाच.

१९०३ मध्ये मनोरमाबाई व अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियास जाऊन तेथील प्रार्थनाचळवळ पाहून आल्या. १९०४–०५ मध्ये वेल्समध्ये झालेल्या धर्मजागृतीची वार्ता केडगावला पोहोचली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी एक गट जमविला. प्रारंभी सुमारे सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत हा आकडा पाचशेवर गेला. २९ जूनच्या रात्री वसतिगृहातील एका मुलीला प्रार्थनेत असा अनुभव आला, की शेजारच्या मुलीला तिच्याभोवती आग दिसली व ती विझविण्यासाठी पाण्याची बादली आणायला धावली, असे एब्रम्स यांनी नोंदविले आहे. या नोंदीचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा आहे. रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांत रीतीने विवेचन करीत होत्या. ऐकणाऱ्या मुली एकाएकी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंचे बोलणे ऐकू येईना. त्या थांबल्या.

संस्कृतच्या पंडिता, संस्थेच्या संस्थापक, दोन हजार जीवांच्या पालनकर्त्या अशा रमाबाई बोलता बोलता थांबल्या आणि दुष्काळातून आणलेल्या मुली बोलू लागल्या. अधिकाराच्या अभ्यासात या क्षणाइतका बोलका क्षण दुसरा नाही. आधी पश्चात्तापाचे रडणे झाले, मग आनंदाचे हसणे, टाळ्या, गाणे, नाचणे. कित्येक युरोपीय मिशनऱ्यांना हा गोंगाट असह्य वाटला आणि तो आवरावा, असा सल्ला त्यांनी दिला. रमाबाईंनी तो मानला नाही. पाश्चात्त्य उपासनेचा साचा भारतीय मुलींवर लादण्याचे कारण नाही, त्यांना आपल्या रीतीने आनंद व्यक्त करू द्यावा, अशी भूमिका त्यांनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून मांडली. वाँटेज येथे लॅटिन अक्षरांना हरकत घेणाऱ्या पंचविशीतील तरुणीचा आणि या पन्नाशीकडे झुकलेल्या बाईंचा स्वर एकच आहे. फरक इतकाच, की तेव्हा त्या स्वतःसाठी भांडत होत्या, आता मुलींसाठी. पुढे या मुलींच्या टोळ्या आळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊन प्रार्थना व उपदेश करू लागल्या. त्यांना कोणी दीक्षा दिली नव्हती.

एब्रम्स यांनी या अनुभवांवर १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका चिली देशातील वाल्परायसो येथे त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे, मे हूव्हर यांच्याकडे गेली. १९०९ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीत झालेल्या जागृतीला तिने चालना दिली. चिलीतील पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या इतिहासात केडगावचा उल्लेख येतो, तो असा. ही चळवळ अमेरिकेत निर्माण होऊन तेथूनच जगभर पसरली, असे मानणाऱ्या इतिहासकारांना हे प्रकरण अडचणीचे वाटत आले आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे व ती सांगितलीच पाहिजे. उपासमारीतून वाचविलेल्या मुलीने आपल्या रक्षणकर्त्या बाईंचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकारात मोकळीक किती आणि उपकाराचे ओझे किती? ‘एक्सूसिया’चा मूळ अर्थच मोकळीक असा असल्याने हा आक्षेप बाहेरचा राहत नाही, तो त्या शब्दातूनच उठतो. उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांच्या अभ्यासांमुळे रमाबाईंकडे संत किंवा धर्मांतरित शत्रू या दोन टोकांपलीकडे पाहणे आपल्याला शक्य झाले आहे. मुक्तीतील मुलींनी स्वतः काय विचार केला असेल, हे मात्र बहुतांशी इतरांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत येते.

टिळक : न वापरलेला अधिकार

नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) दिशा वेगळी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले व पाळकपदाची दीक्षाही घेतली. म्हणजे रमाबाईंच्या मुलींजवळ नसलेला औपचारिक अधिकार त्यांच्याजवळ होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावले जावेत, अशी त्यांची कल्पना होती. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात उपजीविका मागण्याचा आपला ‘एक्सूसिया’ आधी युक्तिवादाने सिद्ध केला आहे आणि मग तो वापरला नाही म्हणून धन्यता मानली आहे. टिळकांचा निर्णय त्या अध्यायाशी ताडून पाहण्यासारखा आहे. दरबार त्यांच्या मृत्यूने लवकरच पोरका झाला. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने महाकवीचे काव्य पुरे करावयास घेताना कोणाची परवानगी विचारली नाही. त्यांच्या अंगचा मिस्कील आनंद ‘स्मृतिचित्रे’च्या पानोपानी आहेच, त्यावर वेगळे भाष्य नको.

वऱ्हाड आणि आजचा प्रश्न

बुलडाणा, खामगाव, अकोला या पट्ट्यात प्रॉटेस्टंट मंडळ्यांची पायाभरणी प्रामुख्याने ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेच्या कामातून झाली. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेल्या १९०० सालच्या पुस्तकाला रमाबाईंचीच प्रस्तावना आहे, हा केडगाव व वऱ्हाड यांमधील एक दुवा. दुसरा दुवा अधिक लांबचा, पण आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. याच अलायन्सचे चीन व फिलिपाइन्समध्ये काम केलेले मिशनरी जॉन मॅकमिलन यांनी १९३२ मध्ये संस्थेच्या साप्ताहिकात विश्वासणाऱ्याच्या अधिकारावर लेखमाला लिहिली. ख्रिस्ताबरोबर उठविला गेलेला सामान्य विश्वासणाराही दुष्ट शक्तींवर अधिकाराने बोलू शकतो, हे तिचे सूत्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन उपदेशकांनी ते उचलले, आरोग्य व संपत्ती यांच्या हमीशी जोडले, आणि ध्वनिफिती, दूरचित्रवाणी व आता भ्रमणध्वनी यांच्या मार्गे ते आपल्या खेड्यांपर्यंत आले. मॅकमिलन यांच्या मांडणीतील नम्रतेची अट या प्रवासात बरीचशी गळून पडली.

त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. ‘आजाराला आज्ञा करा’ असे सांगितले जाते आणि मधुमेहाच्या किंवा अपस्माराच्या रुग्णाची गोळी बंद होते. गुण आला नाही, तर दोष रुग्णाच्या विश्वासावर टाकला जातो. हा तर पौलाने नाकारलेला विश्वासावरील धनीपणाचाच प्रकार होय. महाराष्ट्रात २०१३ पासून लागू असलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि सर्प, विंचू वा श्वानदंशावर वैद्यकीय उपचार घेऊ न देणे हे गुन्हे ठरविले आहेत. साप-विंचू तुडविण्याच्या वचनाचा शब्दशः आधार घेणाऱ्यांनी, ते कोणत्याही पंथाचे असोत, ही तरतूद जरूर वाचावी. प्रार्थनेला मात्र या कायद्याची आडकाठी नाही.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू व ग्रीक त्या त्यासाठी शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतावर हुकमत असलेल्या पंडितेने ती करावी, यात बरेच काही आले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील चोविसावे वचन काढून दाखविले, तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतले. आईला बारीक टाइप दिसत नाही, मी मोठ्याने वाचून दाखवीन, असे ती म्हणाली. लोक आई प्रार्थनेला आली की तिला काय देतात, असे विचारल्यावर तिला हसू आले. ‘काही नाही सर, चहा. आणि फणफणून ताप असला, तर आई आधी त्यांना रिक्षात बसवून बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेते. प्रार्थना रिक्षात करते.’